कीर्तनाने शेजाऱ्यांकडून काय घेतले

गेल्या कार्तिकातली गोष्ट. रिसोड तालुक्यातल्या आमच्या रिठद गावी संध्याकाळचा हरिपाठ आटोपला, मंडळी घराकडे निघाली. शेजारच्या गावचा एक तरुण मात्र मागे थांबला. मृदंग बरा वाजवतो, अलीकडे कीर्तनालाही उभा राहू लागला आहे. पाया पडला आणि हळूच म्हणाला, "महाराज, एक इचारू? मी लपून नाटकाच्या तालमीले जातो. आवाज शेवटच्या मानसापर्यंत कसा न्यावा, हे पाह्यासाठी. आमचे बुवा म्हन्तात, कीर्तनकारानं असं करनं पाप हाय. खरंच पाप हाय काय?"

मी त्याला म्हटले, "आठ दिवसांनी ये बापू. तोवर मी विचार करतो." खरे सांगायचे तर विचार करायला आठ दिवस नको होते. या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या परंपरेच्या इतिहासात आहे आणि एक माझ्या स्वतःच्या आयुष्यात आहे. पहिले मला पाठ होते. दुसरे मी पन्नास वर्षे कोणाला सांगितले नव्हते. आज वाचक सज्जनांपुढे दोन्ही ठेवतो.

आधी कीर्तन म्हणजे काय काय असते, ते पाहू. नारदाच्या गादीवर उभा राहिलेला माणूस दोन तासांत किती कामे करतो? तो गातो. मृदंगाची लय सांभाळतो. एका अभंगाच्या निरूपणासाठी पाठांतरातली प्रमाणे काढून देतो. दृष्टांत सांगताना कधी सासू होतो, कधी सावकार होतो. टाळकऱ्यांच्या हाती चाल केव्हा द्यायची आणि केव्हा परत घ्यायची, हे त्याला कळावे लागते. यातले एकेक काम दुसरीकडे स्वतंत्र कला म्हणून नांदते. गाणे गवयाचे, लय पखवाजियाची, पाठांतर पुराणिकाचे, बोलणे शाहिराचे, सोंग नटाचे. कीर्तनकार या सगळ्यांचा शेजारी आहे. आणि शेजाऱ्याकडे विरजण मागायला गेल्याशिवाय कोणाचा संसार झाला आहे?

आमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात नरसी आहे. नामदेवरायांचे जन्मगाव म्हणून आपण तिथे माथा टेकतो. नामदेवरायांना आपण आद्य कीर्तनकार मानतो. वाळवंटात कीर्तन उभे करून ते थांबले नाहीत, नाम घेऊन पंजाबपर्यंत गेले. गुरुदासपूर जिल्ह्यातले घुमान हे गाव आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत आणि ती १८ रागांत गायली जातात. परक्या भाषेच्या मुलखात त्यांचे शब्द रुजले, याचे कारण ते त्या लोकांच्या बोलीत आणि त्यांच्या गाण्यात जाऊन बसले. चंद्रभागेकाठचे सर्व काही तसेच उचलून नेले असते, तर तिथल्या लोकांनी हात जोडले असते आणि आपापल्या कामाला लागले असते. ऐकणाऱ्याचे गाणे आधी आपण ऐकायचे, हा धडा तिथला.

पण या विषयातले आपले खरे गुरू म्हणजे पैठणचे नाथमहाराज. इ. स. १५३३ ते १५९९ हा त्यांचा काळ. देवगिरीला जनार्दनस्वामींच्या चरणी बसून त्यांनी शास्त्राध्ययन केले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. माउलींच्या एकेका ओवीवर डोळे ताणून बसणारे हे पंडित. आणि याच पंडितांनी वासुदेव, गोंधळी, जोशी, जोगवा मागणारी बाई, अशा दारोदार फिरणाऱ्या लोकांच्या तोंडी भारुडे घातली.

नाथांनी या लोकांकडून काय घेतले, हे नीट पाहण्यासारखे आहे. पहाटे मोरपिसांची टोपी घालून चिपळ्या वाजवत वासुदेव येतो. माणूस झोपेतून उठत असतो, अजून व्यवहाराला लागलेला नसतो. नाथांनी ती वेळ ओळखली. गोंधळी संबळाच्या ठेक्यावर ठिकठिकाणच्या देवदेवतांना नावे घेऊन बोलावतो. नावांची ती रांग सुरू झाली की मांडवात बसलेला माणूस आपल्या कुळदेवतेची वाट पाहू लागतो. नाथांनी ती वाट पाहायला लावण्याची हातोटी उचलली. जोशी आधी भय दाखवतो, मग उपाय सांगतो. नाथांनी तोच क्रम ठेवला आणि भय जन्ममरणाचे केले, उपाय नामाचा सांगितला.

हे सारे ओसरीवर बसून जमणारे नाही. त्या माणसांचे शब्द, त्यांचे हेल, त्यांच्या धंद्यातल्या खुणा कान देऊन ऐकल्याशिवाय भारुडाची एक ओळही उभी राहत नाही. ज्यांच्या सावलीचा त्या काळी विटाळ मानत, त्यांच्याजवळ नाथ बसले असले पाहिजेत. अन्नदानाच्या आणि पंगतीच्या ज्या कथा आपण नाथषष्ठीला सांगतो, त्यांच्याशी हे जुळूनच आहे. पंगतीला बोलावणारे नाथ आणि भारूड लिहिणारे नाथ वेगळे नव्हते. ज्याच्याकडून कला घ्यायची त्याला पानावर बसवायचे, ही नाथांची रीत. ती मी पुढे मोडली, ते यथाक्रम सांगतोच.

नाथांनंतर सुमारे दोन शतकांनी सोलापुरात राम जोशी झाले. थोरले बंधू मुद्गल हे पुराण सांगणारे, कीर्तन करणारे. घरात शास्त्राचा वारसा, आणि रामाचे कान मात्र तमाशाच्या फडाकडे. धोंडी शाहिराच्या संगतीने ते लावणी रचू लागले, स्वतः फडात उभे राहू लागले. ब्राह्मणाचा मुलगा डफ-तुणतुण्याच्या मेळ्यात गेला, म्हणून घराने त्यांना बाहेर काढले. ते पंढरपुरास गेले आणि तिथे संस्कृताचे अध्ययन केले. पुढे बारामतीच्या मोरोपंतांचा आणि त्यांचा ऋणानुबंध जडला, आणि पंतांच्या आर्या राम जोशींच्या कीर्तनांतून गावोगाव गेल्या.

इथे क्षणभर थांबावे. मोरोपंतांची आर्या ही काही ओवीसारखी सहज घरंगळणारी रचना नव्हे. समास लांब, यमके अवघड, अर्थ गाठोड्यात बांधलेला. पंडिताला ती वाचून आनंद होतो, पण बाजाराच्या दिवशी गावात आलेल्या शेतकऱ्याच्या कानात ती उतरवायची कशी? ते काम कोण्या शास्त्र्याच्या हातून झाले नाही. ज्याला हजार माणसांच्या फडात शब्द कुठे तोडायचा, कुठे ताणायचा आणि कुठे डफावर टाकायचा हे ठाऊक होते, त्याने ते केले. ज्या विद्येसाठी राम जोशींना घराबाहेर काढले, तीच विद्या पंतांच्या कवितेला घराघरांत घेऊन गेली. दादांनी दार लावले त्या दिवशी हे कोणाला कळले असते?

आणखी जवळचे उदाहरण हवे असेल, तर आपल्या वऱ्हाडात घरोघरी ज्याचे पारायण होते त्या 'श्रीगजानन विजय' ग्रंथाचे कर्ते दासगणू महाराज पाहा. एकवीस अध्यायांचा हा ग्रंथ आमच्याकडच्या कितीतरी आयाबहिणींना मुखोद्गत आहे. पण हा ग्रंथ रचणारा हात आधी लावणीवर बसलेला होता, हे थोड्यांना ठाऊक असते. दासगणूंचा जन्म १८६८ साली नगर जिल्ह्यातल्या अकोळनेरचा. पोलीस खात्यात नोकरी, आणि तमाशाच्या फडांसाठी लावण्या रचण्याचा नाद. शिर्डीच्या साईबाबांकडे येणेजाणे सुरू झाले आणि आयुष्याने वळण घेतले. नोकरी सुटली, कीर्तन धरले, ते १९६२ साली पंढरीत देह ठेवीपर्यंत.

त्यांची एक हकिकत साईचरित्रात आली आहे. दासगणू एकदा कीर्तनाला निघाले, ते लांब अंगरखा, उपरणे, डोक्याला फेटा अशा थाटात. बाबांनी विचारले, हा नवरदेवाचा वेश कशाला? आणि तो उतरवायला लावला. तेव्हापासून उघडे अंग, गळ्यात हार आणि हातात चिपळ्या, असे दासगणू कीर्तनाला उभे राहत. मी या हकिकतीकडे पुष्कळदा वळतो. बाबांनी त्यांचा थाट उतरवला, पण लावणीत घोटलेली रचनेची सफाई काढून घेतली नाही. ती राहिली, म्हणून तर पुढे ओव्या अशा झरझर आल्या. पोशाख उतरला आणि हात शाबूत राहिला.

दासगणूंची रीत नारदीय कीर्तनाची, हे खरे. त्यात पूर्वरंग, उत्तररंग, आख्यान असते. आपल्या वारकरी कीर्तनात एका अभंगाचे निरूपण असते आणि मागे टाळकऱ्यांची भिंत असते. रीती वेगळ्या असल्या तरी प्रश्न दोघांपुढेही एकच असतो.

कीर्तनाने नुसते घेतलेच असेही नाही. तंजावरला भोसल्यांच्या राज्यात मराठी कीर्तनकारांचा मोठा मान होता. एकोणिसाव्या शतकात रामचंद्रबुवा मोरगावकर तिकडे गेले. त्यांचे कीर्तन ऐकून तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवा घाट दिला. आपली साकी, दिंडी, ओवी आणि अभंग हे छंद कर्नाटक संगीताच्या शेजारी जाऊन बसले आणि तिकडच्या हरिकथेत नांदू लागले. इकडे १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी संगीत शाकुंतल रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यातल्या साक्या-दिंड्या प्रेक्षकांच्या ओळखीच्या निघाल्या, कारण त्यांचे कान कीर्तनात तयार झाले होते. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारे विष्णु दिगंबर पलुस्कर हे कुरुंदवाडच्या कीर्तनकाराचे चिरंजीव. म्हणजे नाटकाने आपल्याकडून घेतले, गवयांनी घेतले, दक्षिणेने घेतले. मग आपण नाटकाच्या तालमीला डोकावलो तर ते पाप कसे? दिलेल्या भांड्यातून शेजारणीने भाजी परत पाठवली, तर कोणी ती टाकून देत नाही.

आळंदीला १९१७ साली विष्णुबुवा जोग महाराजांनी वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली, तिचाही हाच बोध आहे. तिथे ज्ञानेश्वरी, गाथा, पाठांतर हे मुख्य. पण त्याच अंगणात गायनाचा आ आणि मृदंगाचा धा घुमत राहिला. स्वतः जोग महाराजांनी तरुणपणी तालमीत घाम गाळलेला होता. दोन तास उभे राहून वरच्या पट्टीत गाणाऱ्याला दम लागतो, आणि तो दम पोथीत मिळत नाही. आमच्या पिढीतल्या शिकवणाऱ्यांनी आम्हांला पहाटे जोर-बैठका काढायला लावल्या, त्याचे कारण मला चाळिशी उलटल्यावर कळले.

आता माझी गोष्ट.

मी पंचविशीत होतो. पाठांतर बरे होते, आवाजही होता, पण लोक उठून जात. दृष्टांत सांगावा तर हसू येण्याआधी मीच पुढे गेलेलो असे. त्या वेळी दोन कोसांवरच्या एका गावात एक म्हातारा राहत असे. जुन्या तमाशात त्यांनी तीस वर्षे सोंगाड्याचे काम केले होते. फड मोडला, गुडघे गेले, लेकाच्या घरी कडुलिंबाखाली बाजेवर पडून असत. सगळे त्यांना आबा म्हणत. मी एका उन्हाळ्यात दुपारी त्यांच्याकडे जाऊ लागलो. दुपार अशासाठी, की रस्त्यावर कोणी नसे.

आबांनी मला शिकवले ते असे. शब्द टाकायचा आणि थांबायचे. समोरच्याने श्वास सोडला की दुसरा शब्द टाकायचा. हशा पिकला तर तो पुरता खाली बसू द्यायचा, नाहीतर पुढचे वाक्य वाया जाते. आपल्याच विनोदावर आपण हसायचे नाही. नजर पुढच्या रांगेवर ठेवायची नाही, सगळ्यांत मागे बसलेल्या म्हातारीवर ठेवायची, म्हणजे मधले सगळे आपोआप येतात. सोपे दिसते, पण मला तो सगळा उन्हाळा पुरला. एका दृष्टांतावर त्यांनी मला आठ-आठ दिवस घोळवले.

श्रावणात एका सप्ताहात माझे कीर्तन झाले. मांडव हसून हसून आडवा झाला. कीर्तन संपल्यावर गावातल्या जाणत्यांनी विचारले, "बुवा, हे कुठं शिकले?" मी हात जोडून म्हणालो, "गुरुकृपा." आबा त्या कीर्तनाला आले होते. मांडवाच्या कडेला, चपला काढल्या होत्या तिथे बसले होते. मी त्यांना पाहिले होते. पुढे बोलावले नाही. मांडवात माझ्या पाया पडणारी माणसे होती, आणि माझा गुरू चपलांपाशी होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेलो. शाबासकी मिळेल असे वाटले होते. आबा बाजेवर उठून बसले. रागावलेले दिसले नाहीत. म्हणाले, "हासवलं बेस, महाराज. पन आमी हासवतो पोटासाठी. तुमी कायच्यासाठी हासवलं?"

मला उत्तर आले नाही. घरी येऊन मी आठवू लागलो, की काल अभंगाचे तिसरे चरण मी घेतले तरी होते का? घेतले नव्हते. हशाच्या भरात राहून गेले होते, आणि मांडवातल्या कोणाला त्याची आठवणही झाली नव्हती.

आबांनी मला त्या उन्हाळ्यात कला दिली आणि त्या दुपारी तिचे कुंपण दाखवले. त्यानंतर मी जो विनोद केला, त्याला आधी तोच प्रश्न विचारला. अभंगाच्या चरणाकडे नेत असेल तर ठेवला, नाहीतर कितीही चांगला असला तरी सोडला. चाळीस वर्षांत लोकांनी माझ्या कीर्तनाला जे बरे म्हटले असेल, त्यातले पुष्कळ त्या बाजेवरचे आहे. दोन वर्षांनी आबा गेले. मी त्यांच्या दहाव्याला गेलो नाही. कोणी विचारले असते, "महाराज, तुमचं यायचं काय नातं?" तर काय सांगायचे, या भीतीने गेलो नाही.

म्हणून मला वाटते, त्या तरुणाच्या बुवांचे भय चुकीच्या जागी आहे. तालमीला जाण्यात पाप नाही. नाथ गेले, राम जोशी गेले, दासगणू तर तिथूनच आले. पाप दोन ठिकाणी असते. घेतलेली कला अभंगाच्या डोक्यावर बसवण्यात एक, आणि ज्याच्याकडून घेतली त्याचे नाव गिळण्यात दुसरे. आज पहिल्याविषयी आपण पुष्कळ बोलतो. सिनेमाच्या चाली, वाद्यांचा गोंगाट, मोबाईलवर फिरणारे दोन मिनिटांचे तुकडे, ज्यांत हशा असतो आणि अभंग कापलेला असतो. त्यावर बोलावेच. पण दुसऱ्याविषयी कोणी बोलत नाही. गोंधळी, वासुदेव, शाहीर, सोंगाडे यांच्याकडून आपल्या गादीने इतके घेतले, आणि गावात सप्ताह असतो तेव्हा ते कुठे बसलेले असतात, हे आपण मागे वळून पाहत नाही.

आठ दिवसांनी तो मुलगा आला. मी त्याला तीन गोष्टी सांगितल्या. तालमीला जा, पण लपून जाऊ नकोस, तुझ्या बुवांना सांगून जा. ते रागावतील, तर मी येऊन बोलतो. दुसरे, एका वेळी एकच गोष्ट उचल आणि ती इतकी घोट, की ऐकणाऱ्याला ती वेगळी दिसता कामा नये. साखर दुधात दिसत असेल तर अजून ढवळायची राहिली आहे. तिसरे, ज्याने आवाज फेकायला शिकवले त्याचे नाव गादीवरून घे, आणि तो कीर्तनाला आला तर त्याला पुढे बसव.

तो म्हणाला, "महाराज, तुमी घेतलं होतं काय असं नाव कोनाचं?"

मुले सरळ विचारतात. मी त्याला आबांची गोष्ट सांगितली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "अजून उशीर कुठं झाला?"

गुडघ्यांमुळे मी कीर्तन सोडून सहा वर्षे झाली. पण येत्या सप्ताहात पंधरा मिनिटे उभे राहण्याची परवानगी मी मंडळींकडे मागितली आहे, आणि ती मिळाली आहे. त्या गावी निरोप पाठवला आहे. आबांचे नातू शेती करतात. त्यांनी यावे, पुढे बसावे, अशी विनंती केली आहे. आबांचे पूर्ण नाव या लेखात मुद्दामच लिहिलेले नाही. ज्या गादीवर ते गिळले, तिथे उभा राहून आधी उच्चारणार आहे. कागदावर त्यानंतर.

रामकृष्ण हरी.